काळी हाडं आणि नुसती रेघ

थंडी पडली की आमच्या शाळेत दोन गोष्टी हमखास होतात. मुलं स्वेटर घालून येतात आणि दुसऱ्या तासाला काढून बाकावर विसरतात. आणि विज्ञान प्रदर्शनाची नोटीस लागते. नोटीस लागली की सातवी-आठवीतलं कुणीतरी मला मधल्या सुट्टीत अंगणातल्या डायनासोरपाशी गाठणार आणि विचारणार, "मॅडम, हा खरंच असा दिसायचा?" विचारणारं तोंड दरवर्षी वेगळं, प्रश्न तोच. मीही तेच उत्तर देते. कंबर अशीच होती, पाय असेच, शेपटीचा बराचसा भाग असाच, कपाळावरचं ते बुटकं शिंगही असंच. बाकीचं माहीत नाही. मुलांना हे उत्तर मुळीच आवडत नाही. मागे एकानं तोंडावर विचारलं, "माहीत नव्हतं तर बनवला कशाला मग?"

कशाला ते मला ठाऊक आहे, पण ते मधल्या सुट्टीत सांगून होण्यासारखं नाही. तो डायनासोर माझ्या बाबांनी बनवलाय. मी तेव्हा याच शाळेत आठवीत होते, आणि बाबांच्या डोक्यावर उभं राहून, तोंडाचा पट्टा न थांबवता, मीच तो बनवून घेतलाय. त्यात जे काही बरोबर आहे त्याचं श्रेय त्या काळी मी घेतलं होतं. जे चुकलं तेही माझंच निघालं, पण ते कळायला बरीच वर्षं गेली.

बदलापूरची थंडी ती केवढी. डोंगराकडून सकाळी जरा गार वारा येतो, लोक कानाला मफलर गुंडाळून दुधाला जातात आणि दहा वाजता ऊन पाठीला चावायला लागतं. पण ती थंडी आली की मला अजून ओल्या सिमेंटचा वास येतो. कुठे बांधकाम चालू असो नसो, येतो.

बाबा गणपती करायचे. ते पेणला शिकले आणि लग्नानंतर बदलापुरात, नदीकाठच्या मांजर्लीत येऊन राहिले. घराला लागून पत्र्याची शेड होती, तिला आम्ही कारखाना म्हणायचो. आत यंत्र एकही नव्हतं, नुसत्या फळ्या आणि त्यांवर ओळीनं बसलेले शाडूचे गणपती. त्या वर्षी जुलैत उल्हास नदी आमच्या घरात आली. मांजर्लीत हे काही नवीन नाही, पण त्या वर्षी ती छातीएवढी आली. आम्ही समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीवर दोन दिवस काढले. खाली उतरून पाहिलं तर सगळे गणपती विरघळून फळ्यांवर नुसता चिखल. बाबा दारातच थांबले आणि म्हणाले, "यंदा विसर्जन आधी झालं." मला हसू आलं. मग त्यांच्याकडे पाहिलं आणि ते गेलं.

गणपतींबरोबर अजून काय गेलं ते आठवड्यानं कळलं. कपाटाच्या खालच्या खणात आईचे फोटो होते.

आई मी दोन वर्षांची असताना काविळीनं गेली. मला ती आठवत नाही, आणि आठवतेय असं मी कधी खोटं बोललेही नाही. फोटो सगळे मिळून अकरा होते. भिजून त्यांची एक वीट झाली होती. बाबांनी ती उन्हात ठेवली, मग गणपतीचं काम करावं तशा हलक्या हातानं एकेक फोटो सुटा करायला घेतला. प्रत्येक वेळी रंग सगळा पुढच्या फोटोच्या पाठीला चिकटून निघाला. शेवटी हातात कागद राहिले. फोटो असतात तेव्हा कोण बघत बसतं? मला एक हिरवी साडी आठवत होती आणि एका फोटोत उन्हामुळे बारीक केलेले डोळे. सोलापूरला मामाकडे लग्नाचा एक फोटो अजून आहे. त्यात मुंडावळ्यांआड ती खाली बघतेय.

पुढे दिवाळी झाली आणि शाळेचे तेव्हाचे हेडसर घरी आले. शाळेच्या अंगणात, प्रदर्शनाच्या आधी, कायमचा राहील असा सिमेंटचा डायनासोर हवा होता. कारखाना धुऊन पुसून रिकामा पडला होता, बाबा दिवसभर त्यात नुसते बसून असायचे. ते हो म्हणाले. सर गेल्यावर मी विचारलं, "बाबा, तुम्ही डायनासोर पाहिलाय का?" म्हणाले, "टीव्हीवर पाहिलाय की. गणपतीला तरी कोण बघून आलंय?"

मी तेव्हा विज्ञानानं अशी काही पछाडलेले होते की घरात माझ्याशी बोलणं म्हणजे तोंडी परीक्षाच. हे मला मुळीच पटलं नाही. मी स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत गेले आणि आपल्याकडचाच डायनासोर शोधून काढला. राजासॉरस. नर्मदेकाठी सापडलेला, मांस खाणारा, कपाळावर शिंग असलेला. त्याच्या सांगाड्याचं एक चित्र छापून आणलं. त्यात सापडलेली हाडं काळी भरलेली होती आणि न सापडलेली नुसत्या रेघेनं काढलेली. बाबांनी चष्मा चढवून तो कागद नीट पाहिला. कमरेत, पायात, शेपटीत काळं होतं. डोक्यात वरच्या भागात थोडं काळं. तोंडाचा पुढचा भाग, हात, छाती, सगळी रेघ.

"म्हणजे अर्धा यांनीच काढलाय की," बाबा म्हणाले.

"काढलाय म्हणजे उगाच नाही काढला. याचे चुलतभाऊ मादागास्करला सापडलेत, दक्षिण अमेरिकेत सापडलेत, त्यांच्यावरून काढलाय. आणि हाडात जे राहत नाही ना, कातडं, मांस, ते जिवंत नातेवाइकांवरून ठरवतात. मगर बघायची आणि पक्षी बघायचे. जे दोघांतही आहे ते यातही असणार."

"पक्षी?"

"पक्षी म्हणजे त्यांचीच पोरंबाळं, बाबा."

बाबांनी पत्र्यावरच्या कावळ्याकडे पाहिलं. "सोयरीक बघून तोंड ठरवायचं म्हणजे," ते म्हणाले आणि कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

मी दोनशे पानी वही घेतली. प्रत्येक पानावर मधे उभी रेघ, डावीकडे 'माहीत', उजवीकडे 'अंदाज'. पहिल्या पानावर नियम लिहिला: जे सापडलं नाही त्यासाठी सगळ्यात जवळचा जिवंत नातेवाईक बघावा. नियमाखाली दोन रेघा मारल्या. शाळा सुटली की मी वही घेऊन अंगणात. बाबा सळ्या वाकवताहेत, त्यावर बारीक जाळी बांधताहेत, सिमेंट थापताहेत, आणि मी बाजूला उभी राहून विचारतेय, "याला पुरावा काय?" आता आठवलं की माझं मलाच थोबाडीत मारावंसं वाटतं. बाबांनी एकदाही मला गप्प बस म्हटलं नाही.

शेपटीवरून आमचं पहिलं वाजलं. बाबांना शेपूट जमिनीवर टेकवायची होती, दोन पायांवर एवढं वजन उभं कसं राहणार म्हणून. मी म्हटलं, चालणार नाही. डायनासोरच्या पावलांचे ठसे सापडतात, त्यांच्यामागे शेपूट फरफटल्याची खूण बहुतेक कुठे दिसत नाही. म्हणजे शेपूट वर होती. बाबांनी दोन दिवस विचार केला. मग कुठूनसा एक काळा दगड आणवला, शेपटीखाली ठेवला आणि आधाराची सळई त्यातून वर घेतली. शेपूट हवेत, दगड खाली. तो दगड अजून तिथे आहे. आपला हा काळा दगड म्हणजे त्याच काळातला लाव्हा, हे मला पुढे कॉलेजात कळलं. अख्ख्या पुतळ्यात शंभर टक्के खरी अशी तेवढी एकच वस्तू आहे.

मग पोट. माझ्या चित्रात डायनासोरच्या बरगड्या मोजता येत होत्या. बाबा म्हणाले, "यांनी हाडांवर नुसतं कातडं ओढलंय. हा प्राणी जेवत नव्हता काय?" आणि त्यांनी त्याला पोट दिलं. आयुष्यभर गणपती केलेला माणूस, पोट काढायला हात कचरतो कुठे! चांगलं गोल, भरलेलं पोट. मी वहीत लिहिलं, 'पोट: अंदाज, बहुधा चूक.' आता शास्त्रज्ञच म्हणतात की चित्रकारांनी बरीच वर्षं डायनासोर फार सुकडे काढले, अंगावर मांस-चरबी असते हेच विसरून गेले. मी ती ओळ खोडलेली नाही, वहीत तिच्यासमोर बाबांची माफी मागितली आहे.

रंगासाठी आम्ही उल्हासनगरला गेलो. बाबांचे रंग पहिल्यापासून तिथल्या हरेश अंकलच्या दुकानातून यायचे. सिंधी माणूस, मराठी समजायचं सगळं, बोलायचे हिंदी. मी काउंटरवर वही उघडली आणि सांगितलं की रंगाला काहीच पुरावा नाही, तेव्हा हिरवा द्या, पुस्तकात हिरवाच असतो.

"पुस्तकवाला देखके आया क्या?" अंकलनं विचारलं.

"नाही, पण..."

"तो बेटा, उसका भी अंदाजा, तेरा भी अंदाजा. मेरा भी ले ले. ये कथ्थई पडा है, मिट्टी में छुप जाएगा. शिकार करनेवाला जानवर चमकेगा तो खाएगा क्या?" मग बाबांकडे वळून, "साईं, लडकी वकील बनेगी तुम्हारी."

कथ्थई घेतला. येताना बाबा खूश होते. म्हणाले, "बघ, त्यानं कॉलेज नाही केलं, पण विचार बरोबर केला." मी वहीत लिहिलं, 'रंग: अंदाज, पण डोकं लावून केलेला.' अंदाजातही दोन जाती असतात, हे मला तिथे काउंटरवर पहिल्यांदा कळलं असावं. हल्ली काही छोट्या पिसांवाल्या डायनासोरांच्या रंगाचे बारीक कण दगडात सापडलेत म्हणतात. ते वाचलं तेव्हा हरेश अंकलना सांगायला हवं असं फार वाटलं. दुकान आता त्यांचा मुलगा बघतो.

त्या वहीच्या शेवटच्या पानावर मी एक वेगळा तक्ता केला होता. तो बाबांना कधी दाखवला नाही. वर लिहिलं होतं, 'आई'. डावीकडे, माहीत: नाव मंदा, कारण स्टीलच्या पातेल्यावर टिंबाटिंबांनी कोरलंय. बांगडीचं माप, कारण दोन बांगड्या उरल्यात. ब्लाउज एक, चिखलाचे डाग पडलेला, त्यावरून खांदे अरुंद. उजवीकडे, अंदाज: उंची, आवाज, चालणं, हसणं, डोळे. उजवा रकाना खाली खाली वाढतच गेला. जवळच्या जिवंत नातेवाइकाचा नियम मी तिथे लावून पाहिला नव्हता असं नाही. मामा सोलापूरला, दोन-तीन वर्षांतून एकदा दिसायचा, टक्कल आणि मिशा. त्यावरून आई काढणं मला जमेना. मी स्वतः? माझ्याबद्दल लहानपणापासून एकच वाक्य ऐकत आले होते. बापावर गेलीय. नाक बापाचं, रंग बापाचा, कपाळ बापाचं. आणि डोळ्यांवर बालवाडीपासून जाड काचा. त्यांतून माझे डोळे उडदाएवढे दिसतात. घरात माझा चष्मा उतरायचा तो झोपताना, तेव्हा डोळे मिटलेले.

संक्रांतीच्या दिवशी डोळे काढायचे ठरले. गणपतीत याला आखणी म्हणतात, डोळ्यांची आखणी, आणि ती सगळ्यात शेवटी असते. बाबांची त्याची रीत होती. सकाळी आंघोळ करून, काही न खाता, कुणाशी न बोलता. आणि समोर, भक्त बसतो तिथे, पाटावर कुणाला तरी बसवायचं. मूर्तीची नजर बसलेल्या माणसाच्या नजरेत पडली पाहिजे, वरून जाता कामा नये, असं ते म्हणायचे. कारखान्यात हे काम माझंच असायचं. डायनासोरसाठीही त्यांनी घरून पाट आणला. शाळेला सुट्टी, अंगणात आम्ही दोघंच. कोवळं ऊन माझ्या काचांवर पडत होतं.

"चष्मा काढ," ते म्हणाले. "काचेत मला ऊनच दिसतंय. नजर कळत नाही."

मी चष्मा काढून मांडीवर ठेवला. त्याच्याशिवाय मला हाताच्या बोटांपलीकडचं काही दिसत नाही. अर्धा तास मी एका कथ्थई ढगाकडे बघत बसले. मधे मधे बाबांचा हात हलायचा आणि थांबायचा. "इकडे बघ," एवढंच एकदोनदा म्हणाले. मग "झालं" म्हणाले आणि मी चष्मा लावला.

डायनासोरच्या तोंडावर माणसाचे डोळे होते. कडेला पांढरं, मधे तपकिरी बुबुळ, वर पापणीची जाड होत गेलेली काळी रेघ. मान किंचित खाली होती, त्यामुळे तो थेट माझ्याकडे बघत होता. मायेनं बघत होता. मी काही बोलायच्या आत फाटकातून सुमनआत्या आली. ती बाबांची धाकटी बहीण, अंबरनाथ पूर्वेला राहते. आमच्यासाठी तिळाचे लाडू आणि डबा घेऊन आली होती. तिनं वर पाहिलं आणि जागच्या जागी थांबली. "दादा," एवढंच म्हणाली. मग डबा पायरीवर ठेवून पदरानं डोळे टिपले. मला वाटलं, घाबरली. मी म्हटलं, "आत्या, अगं सिमेंटचा आहे तो."

दुसऱ्या दिवशी शाळा भरली आणि माझं काही खरं राहिलं नाही. "शुभे, आरती कधी आहे गं?" "तुझ्या बाबांचा डायनासोर आशीर्वाद देतोय बघ." एका मुलानं त्याच्या पायाशी खडीसाखर ठेवली. माझ्या वर्गातल्या मुली हसून हसून भिंतीला टेकल्या. प्रदर्शनाला तालुक्याचे परीक्षक येणार होते. मधल्या सुट्टीत मी बाबांसमोर जाऊन उभी राहिले. ते दगडाला गेरू लावत बसले होते.

"बाबा, हे डोळे चुकलेत."

"काय चुकलंय?"

"याचे डोळे असे नसतात. पिवळे असतात, आणि मधे उभी काळी चीर. मगरीसारखी."

"नक्की?"

"नक्की."

"वहीत डाव्या बाजूला आहे?"

मी हो म्हटलं. नव्हतं. डोळ्यांचं काहीच सापडत नाही, डोळे कुजून जातात, हे मला चांगलं ठाऊक होतं. मला फक्त मुलींचं हसणं थांबवायचं होतं. बाबा माझ्याकडे जरा वेळ बघत राहिले. मग "बरं" म्हणाले. पिवळ्याचा डबा उघडला आणि वाळलेल्या डोळ्यांवरून ब्रश फिरवला. दोन्ही डोळे गेले. वरून दोन उभ्या काळ्या रेघा मारल्या. त्या संध्याकाळी मी वही उघडून डाव्या रकान्यात लिहिलं, 'डोळे पिवळे, चीर उभी.' त्या वहीतली जाणूनबुजून लिहिलेली खोटी ओळ ती एकच.

आम्हाला दुसरं बक्षीस मिळालं. परीक्षक म्हणाले, डोळे अगदी शास्त्रीय वाटतात.

मी पुढे शिकले, आणि जितकी शिकत गेले तितकी ती चीर मला टोचायला लागली. पक्ष्यांची बाहुली गोल असते, मगरीची उभी. दोन्ही नातेवाईक वेगवेगळं सांगतात, म्हणजे माझ्याच नियमानं उत्तर 'माहीत नाही'. बाबांचा अंदाज पुसून मी माझा अंदाज बसवला होता आणि त्याला विज्ञान म्हटलं होतं. एवढ्यावर भागलं असतं तर मी ही गंमत म्हणून मुलांना सांगितली असती.

माझ्या लग्नात हळदीच्या दिवशी आत्या माझे केस विंचरत होती. सहज बोलता बोलता म्हणाली, "त्या तुझ्या राक्षसाला दादानं वहिनीचे डोळे काढले होते. मला तर समोर मंदावहिनीच उभी वाटली. दुसऱ्या खेपेला आले तर पिवळे. मी काय बोलणार? म्हटलं, त्याला सोसलं नसेल." तिनं केसांत गजरा माळला आणि उठून गेली. मी आरशासमोर बसून राहिले. आईच्या नजरेचं या जगात एक चित्र होतं. एक दिवस होतं. ते मी आरतीवरून चिडवतात म्हणून पुसायला लावलं, आणि ज्याच्या हातानं काढलं त्याच्याच हातानं पुसायला लावलं. हळदीच्या अंगानं मी रडले, तेव्हा सगळ्यांना वाटलं सासरी जायचं म्हणून.

बाबांना मी काही विचारलं नाही. याच शाळेत नोकरीला लागले, रोज त्या पिवळ्या डोळ्यांसमोरून वर्गात गेले, तरी विचारलं नाही. त्यांनी तो मिटलेला विषय पुन्हा उघडावा असं म्हणायला मला तोंड नव्हतं.

या वर्षी प्रदर्शनाची नोटीस लागली तेव्हा मुख्याध्यापकबाईंनी डायनासोर रंगवायला काढला. पेंटर येऊन बघून गेला. "मॅडम, आधी सगळा घासावा लागणार, पोपडे धरलेत," म्हणाला. मी सोमवारी ये म्हटलं. रविवारी बाबांना घेऊन शाळेत आले. ते आता आमच्याकडे बेलवलीत असतात. हाताला कंप आहे, गणपती सोडून सात-आठ वर्षं झाली. रिक्षातून उतरल्यावर त्यांनी आधी पोटावरून हात फिरवला, डायनासोरच्या. "टिकलंय," म्हणाले.

शिपाईमामांनी त्यांना खुर्ची दिली. मी स्टुलावर चढले. पिवळ्याला बारीक भेगा पडल्या होत्या. खरवडायला पत्र्याचा तुकडा लावणार तेवढ्यात खालून बाबा म्हणाले, "लोखंड नको. नखानं काढ. ऑइलपेंट सालीसारखा सुटतो, खालचा रंग सिमेंटला धरून राहतो." मी नखानं काढत गेले. आधी पांढरं दिसलं. मग कोपऱ्यातून निघून जाड होत गेलेली काळी रेघ. मग तपकिरी. उजवा डोळा बराचसा निघाला. डावा उन्हाच्या बाजूचा, तिथे पिवळ्याबरोबर खालचंही सुटून सिमेंट लागलं, म्हणून मी तो तसाच सोडला. नखं दुखत होती. मी खाली न बघताच बोलले, नाहीतर बोलले नसते.

"बाबा, आत्यानं मला सांगितलंय. हे आईचे डोळे आहेत. मला माहीत नव्हतं. वहीत पण नव्हतं, मी खोटं सांगितलं तुम्हाला."

"खोटं ते मला तेव्हाच कळलं होतं," बाबा म्हणाले. "तू खोटं बोलताना चष्मा वर सरकवतेस."

"मग पुसलेत कशाला?"

"तू रोज याच शाळेत येणार. पोरं चिडवणार. तुझ्यापेक्षा का सिमेंट जास्त आहे?"

मी स्टुलावरून उतरले. बाबा त्या उघड्या डोळ्याकडे बघत होते.

"आणि सुमन म्हणते ते तसं नाही," ते म्हणाले. "मंदाचे म्हणून नव्हते काढले. मला यायचेच नाहीत ते. फोटो गेल्यावर मी रोज कारखान्यात बसून आठवायचो. गणपतीचे हजारांनी काढलेत, ते हातातून आपोआप उतरतात. तिचे नाही उतरायचे. त्या दिवशी पण आठवत नव्हते. समोर तू बसली होतीस, चष्मा काढून. दिसले ते काढले."

मला काही क्षण नीट समजलंच नाही. मग समजलं. आत्याला कुणी सांगितलं नव्हतं की पाटावर कोण बसलं होतं. ती फाटकातून आली, वर पाहिलं, आणि तिनं वहिनीला ओळखलं. मुलांना प्रयोग शिकवताना मी हेच सांगते, ओळखणाऱ्याला आधी उत्तर माहीत असता कामा नये. आणि पहिल्या पानावरचा तो दोन रेघांचा नियम. सगळ्यात जवळचा जिवंत नातेवाईक बघावा. मी मगर पाहिली, कावळे पाहिले, सोलापूरच्या मामाच्या मिशा पाहिल्या.

पेंटरला मी सांगून ठेवलंय, सगळा घास, डावा डोळा पुन्हा पिवळा कर, उजवा सोड. मुलं विचारतील, एक डोळा असा आणि एक तसा का. सांगेन की पिवळा अंदाज आहे. दुसऱ्याचं काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही.

पण ते सोमवारचं. रविवारी ऊन चढत होतं, शिपाईमामा चहा आणायला गेले होते, आणि बाबांनी खुर्ची जरा पुढे ओढली.

"काढ बघू चष्मा," ते म्हणाले.

मी काढला. अंगण गेलं, डायनासोर गेला, बाबांचा चेहराही गेला. समोर नुसता पांढऱ्या सदऱ्याचा ढग राहिला.

"खाली नको. इकडे बघ."

मी आवाजाच्या दिशेनं बघितलं. कंप असलेला हात माझ्या गालाला लागला, हनुवटी त्यांनी थोडी उजेडाकडे वळवली, आणि हात तिथेच राहिला. मी डोळे पुसायला गेले तर म्हणाले, "राहू दे. हलू नकोस."

मी हलले नाही. मला काहीच दिसत नव्हतं, आणि बाबा बघत होते.